जमिनीखालच्या फटींची दिशा कशी काढतात आणि त्यावरून विहीर कुठे वळवायची हे कसं ठरतं

खारघरच्या एका मुलाने विचारलंय, एमएस्सी जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रॅनाइटमध्ये किंवा घट्ट चुनखडीत तेल फटींमधून वाहतं हे समजलं, पण दोन-तीन किलोमीटर खाली त्या फटी कुठल्या दिशेने गेल्यात हे कळतं कसं, आणि इमेज लॉगवरून (विहिरीच्या भिंतीचं टूलने काढलेलं चित्र) रोझ डायग्राम (फटींच्या दिशा पाकळ्यांनी दाखवणारी आकृती) काढला, त्यात जी पाकळी सगळ्यात मोठी तिला काटकोनात आडवी विहीर मारली की झालं, एवढंच ना?

एवढंच नाही बाबा. रोझ डायग्राममधली मोठी पाकळी बऱ्याचदा चुकीचीच असते, आणि तिच्या मागे लागून मारलेली विहीर कोरडी गेली की सगळे म्हणतात दगडातच काही नव्हतं. प्रश्न चांगला आहे, पनवेल-उरण पट्ट्यात राहणाऱ्या मुलांना या कामाची संधीही आहे, म्हणून जरा नीट सांगतो.

आधी हे कुठे लागतं ते बघ. मुंबई हायला १९७४ साली सागर सम्राट रिगने तेल शोधलं, तिथला मुख्य साठा एल-३ या मायोसीन चुनखडीत आहे, तिथे छिद्रं, पोकळ्या आणि फटी असं सगळं एकत्र काम करतं. पण मुंबई हाय आणि हीराच्या खाली बेसमेंट आहे, म्हणजे प्राचीन ग्रॅनाइट, नाइस, शिस्ट आणि काही ठिकाणी डेक्कन ट्रॅप (लाव्हाचा बेसाल्ट), त्यातही तेल मिळालंय आणि तिथे फटींशिवाय काहीच नाही. गुजरातेत पादरा फील्ड डेक्कन ट्रॅपमधून तेल देतं, म्हणजे आपल्या पारसिकच्या डोंगराचाच भाऊबंद म्हण. कावेरी खोऱ्यात मदनम आहे, आसाम-नागालँडच्या सीमेवर बोरहोल्ला-चांपांग. जगात सगळ्यात गाजलेलं उदाहरण व्हिएतनामचं बाख हो, १९८८ साली ग्रॅनाइटमधून तेल आलं आणि त्या देशाचं तेलाचं गणितच बदललं. अशा दगडात फट सोडून नुसत्या दगडातून जवळजवळ काहीच येत नाही. त्यामुळे विहीर वाहत्या फटींतून गेली तर गेली, नाहीतर शेजारी दहा मीटरवर तेल असून उपयोग नाही.

आता मुख्य अडचण. खोलवरच्या फटी बहुतेक उभ्या किंवा खूप तिरक्या असतात, कारण एका ठराविक खोलीनंतर वरच्या दगडाचा भार सगळ्यात मोठा किंवा मधला ताण (स्ट्रेस) असतो आणि फट नेहमी सगळ्यात कमी ताणाच्या दिशेने उघडते, तो बहुतेक वेळा आडवा असतो. आणि आपण विहीर मारतो ती उभी. साधा हिशोब कर: उभ्या फटी दोन-दोन मीटरवर आहेत आणि विहिरीचा व्यास साडेआठ इंच म्हणजे २१.६ सेंटिमीटर. त्या विहिरीला एखादी फट लागण्याची शक्यता साधारण ११ टक्के. म्हणजे दहातल्या नऊ विहिरी फटींच्या मधून सरळ खाली जातील आणि लॉगवर येईल की दगड अखंड आहे. शहापूर-मुरबाडकडे एकाच वाडीत एक बोअर धो-धो पाणी देते आणि वीस पावलांवरची कोरडी लागते ना, त्याच्या मागेही बऱ्याचदा हेच असतं, लोक मात्र पाणाड्याला दोष देतात नाहीतर नशिबाला.

बरं, ज्या फटी सापडतात त्यांच्यातही पक्षपात असतो. कमी उताराच्या फटी उभ्या विहिरीला हमखास सापडतात, उभ्या क्वचित. रुथ टर्झाघी यांनी १९६५ साली यावर दुरुस्ती दिली ती आजही वापरतात: विहिरीची अक्षरेषा आणि फटीचा पृष्ठभाग यांच्यात जो कोन असेल त्याच्या साइनने एकाला भागायचं, तेवढं त्या फटीचं वजन. उभ्या विहिरीत ३० अंश उताराच्या फटीचं वजन येतं १.१५ आणि ८० अंशवालीचं ५.७६. समजा लॉगवर ३० अंशाच्या २० फटी दिसल्या आणि ८० अंशाच्या फक्त १०. नुसता रोझ काढलास तर पहिला गट दुप्पट मोठा. दुरुस्ती केलीस तर पहिला २३ आणि दुसरा जवळजवळ ५८, चित्र उलटलंच की. मोठी पाकळी चुकीची असते म्हणालो ते यामुळे. फक्त ८८-८९ अंशांच्या फटींना हे सूत्र डोळे झाकून लावू नकोस, वजन तीस-पन्नासच्या वर जातं आणि एकच फट सगळा डायग्राम खाऊन टाकते, म्हणून वजनाला वरची मर्यादा घालावी लागते. ती किती घातली हे रिपोर्टमध्ये लिहायचंच, कित्येक जण लिहीत नाहीत आणि मग पुढच्या माणसाला काही कळत नाही.

आता फट दिसते कशी ते. नेहमीचं हत्यार म्हणजे इलेक्ट्रिकल इमेज लॉग, बोलीत सगळे एफएमआयच म्हणतात मग टूल कुठल्याही कंपनीचं असो. चार हात, त्यावर पॅड, पॅडवर बारीक बटणं, एकूण १९२, साडेआठ इंची विहिरीत भिंतीचा सुमारे ८० टक्के भाग दिसतो आणि बारकावा ५ मिलिमीटरपर्यंत. ती भिंत उलगडून सपाट कागदावर मांडली की तिरकी फट साइन वेव्हसारखी दिसते. पटत नसेल तर पीव्हीसीचा तुकडा हॅकसॉने तिरका काप, कापलेल्या कडेने कागद गुंडाळून रेघ मार आणि कागद सोडव, तीच लाट दिसेल. लाटेचा तळ ज्या दिशेला तिकडे फटीचा उतार, आणि लाटेची उंची भागिले विहिरीचा व्यास म्हणजे उताराचा टॅन. साडेआठ इंची विहिरीत लाट १.२ मीटर उंच असेल तर उतार ८० अंश, २१.६ सेंटिमीटर असेल तर बरोबर ४५. इथे व्यास बिटचा (खोदणाऱ्या टोकाचा) घ्यायचा नाही, कॅलिपरचा (विहिरीचा खरा व्यास मोजणाऱ्या टूलचा) घ्यायचा. विहीर ढासळून साडेनऊ इंच झाली असेल तर तीच ४५ अंशवाली फट खरं म्हणजे ४२ ची निघते. खूप उभ्या फटींना याचा फारसा फरक पडत नाही, मधल्या कोनांना पडतो. आणि विहीर तिरकी असेल तर हे सगळे कोन विहिरीच्या हिशोबाचे असतात, डेव्हिएशन सर्व्हे (विहीर कुठे किती कलली याची नोंद) वापरून ते खऱ्या उत्तर दिशेवर आणि खऱ्या क्षितिजावर फिरवावे लागतात, सॉफ्टवेअर फिरवतं पण सर्व्हेच चुकीचा भरला असेल तर ते मुकाट्याने चुकीचं फिरवतं.

दिशा येते ती टूलमधल्या मॅग्नेटोमीटर आणि अ‍ॅक्सेलरोमीटरवरून, आणि इथे लोक सगळ्यात जास्त निष्काळजी असतात असं माझं स्पष्ट मत आहे. सगळे चित्रातल्या लाटा मोजत बसतात पण टूलचं तोंड खरंच कुठे होतं हे कोणी तपासत नाही. केसिंगच्या (विहिरीत बसवलेल्या स्टीलच्या पाइपच्या) बुडापासून काही मीटर अंतरातली दिशा विश्वासाची नसते, स्टील चुंबकाला ओढतं. ट्रॅपमध्ये बेसाल्ट स्वतःच चुंबकीय. यावर तपासणी सोपी आहे: तिन्ही अक्षांवरचं चुंबकीय क्षेत्र एकत्र करून एकूण काढायचं, मुंबईच्या आसपास ते ४३ हजार नॅनोटेस्लाच्या जवळपास यायला हवं आणि विहिरीत वर-खाली फार हलता कामा नये. गुरुत्वाकर्षणाचं एकूण ९.८१ च्या आसपास. ज्या टप्प्यात हे आकडे उड्या मारतात तिथल्या फटींची दिशा वापरायची नाही, फार तर उतार वापर. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक आपल्याकडे सुदैवाने एक अंशाच्याही आत आहे, जगात काही ठिकाणी तो दहा-पंधरा अंश असतो आणि तिथे दुरुस्ती विसरलात की सगळंच गेलं. चुंबकाचं मोजमाप किती नाजूक असतं बघ, कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला न्यावी लागली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येत होत्या.

पुढचा प्रश्न, दिसणारी फट नैसर्गिक आहे की आपण ड्रिलिंग करताना पाडलेली. हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. विहीर खोदली की तिच्या भोवतीचा ताण विस्कटतो. मड (खोदताना विहिरीत फिरवलं जाणारं दाट द्रव) जड असेल तर भिंतीला समोरासमोर, म्हणजे १८० अंशांवर, दोन बारीक उभ्या चिरा पडतात, त्या जास्तीत जास्त आडव्या ताणाच्या दिशेने असतात. आणि जिथे भिंतीवरचा दाब दगडाला सोसवत नाही तिथे त्याला काटकोनात, कमीत कमी ताणाच्या दिशेला भिंत ढासळते, त्याला ब्रेकआउट म्हणतात, चार हातांच्या कॅलिपरवरही एक व्यास मोठा आणि दुसरा बिटएवढा असा दिसतो. बेल आणि गॉफ यांनी १९७९ साली कॅनडातल्या अल्बर्टाच्या विहिरींवरून हे मांडलं आणि आज जगाच्या ताण-नकाशात या दोन्ही खुणा भरभरून वापरल्या जातात. आता गोंधळ बघ: नवीन माणूस त्या समोरासमोरच्या चिरा बघतो, उभ्या आहेत, काळ्या आहेत, म्हणजे उघड्या नैसर्गिक फटी, असं लिहून मोकळा होतो. नैसर्गिक फट विहिरीला आरपार छेदते, तिची पूर्ण लाट दिसते, थरांच्या सीमेवर थांबते किंवा सरकते. पाडलेली चीर अक्षाला धरून चालते, तुटक असते, लाट पूर्ण होत नाही, आणि विहीर ताणाच्या अक्षाशी जुळत नसेल तर लहान-लहान तिरक्या तुकड्यांची जिन्यासारखी रांग दिसते. या चिरांना फटी म्हणून मोजू नकोस, पण टाकूनही देऊ नकोस, कारण ताणाची दिशा सांगणारा एवढा स्वस्त पुरावा दुसरा नाही.

काळी म्हणजे उघडी हेही धरून चालायचं नाही. पाण्याच्या मडमध्ये वीज वाहून नेणारी कुठलीही गोष्ट काळी दिसते, चिकणमातीने किंवा पायराइटने भरलेली फटसुद्धा. कॅल्साइटने बुजलेली पांढरी दिसते, तिच्या कडेला उजळ वलयही येतं. आणि तेलाचं मड असेल तर उघडी फटसुद्धा पांढरी दिसेल कारण आत तेल शिरलंय, मग कॅल्साइट आणि उघडी यांच्यातला फरक इलेक्ट्रिकल चित्रावरून कळत नाही, तिथे अल्ट्रासॉनिक इमेज लागते. कुठलं मड होतं हे न बघता इमेज वाचायला बसणं म्हणजे वेळ फुकट घालवणं.

म्हणून कोअर, म्हणजे विहिरीतून अखंड कापून आणलेला दगडाचा दंडगोल. महाग आहे, मॅनेजमेंट कुरकुर करतं, तरी फटींच्या दगडात थोडा तरी कोअर घ्याच असं मी प्रत्येक ठिकाणी भांडून सांगतो. हातात घेतल्यावर कळतं फटीत कॅल्साइट आहे का, अर्धवट भरून मधे पूल राहिलेत का, घासलेल्या रेघा आहेत का, तेलाचा वास येतो का. कोअर वर येईस्तोवर फिरलेला असतो, त्यामुळे त्याची दिशा हरवते, ती परत मिळवायला कोअर बॅरलमध्ये खुणेचे चाकू बसवतात जे कोअरवर उभी रेघ ओढतात, किंवा दगडातल्या चुंबकत्वावरून दिशा काढतात, किंवा सरळ कोअरमधल्या दोन-तीन ओळखू येणाऱ्या फटी इमेज लॉगवरच्या फटींशी जुळवून कोअर फिरवून घेतात. मला शेवटची पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते. कोअरमध्ये पाकळीसारख्या वळून मग मधोमध खाली जाणाऱ्या चिरा दिसल्या तर त्या बिटच्या दाबाने पडलेल्या असतात, जास्तीत जास्त आडव्या ताणाला समांतर, म्हणजे तिथेही ताणाची दिशा फुकटात मिळते.

एवढं करून फटींचे गट पडतात, समजा एक उत्तर-वायव्येकडे, एक ईशान्येकडे. पश्चिम ऑफशोअरला अशा एकापेक्षा जास्त दिशा येणारच, कारण इथे धारवाडचा उत्तर-वायव्य कल, अरवलीचा ईशान्य कल आणि सातपुड्याचा पूर्व-ईशान्य कल एकमेकांत शिरलेत. आता यातला वाहता गट कुठला? इमेज लॉग हे सांगत नाही. इथे कोलिन बार्टन, मार्क झोबॅक आणि डॅनियल मूस यांचं १९९५ सालचं काम वाचायलाच हवं, त्यांनी कॅलिफोर्नियातल्या कहोन पाससारख्या खोल विहिरींतल्या फटी तपासल्या आणि दाखवलं की पाणी वाहून नेणाऱ्या फटी बहुतेक त्याच असतात ज्या आजच्या ताणात घसरण्याच्या बेतात आहेत. म्हणजे फट किती जुनी, किती मोठी, यापेक्षा आजच्या ताणाशी तिचा कोन काय याला महत्त्व. ज्या फटी कमीत कमी ताणाला काटकोनात किंवा घसरण्याच्या कोनात आहेत त्या उघड्या राहतात, बाकीच्या दाबल्या जातात किंवा बुजून जातात. हा नियम बेसमेंटमध्ये बऱ्यापैकी चालतो, चुनखडीत कमी चालतो कारण तिथे पाण्याने दगड विरघळून फट रुंद होते आणि ती ताणाला जुमानत नाही.

वाहतेपणाचा सगळ्यात थेट पुरावा मात्र रिगवरच असतो, आणि तो सगळ्यात जास्त वाया जातो. मड लॉस, म्हणजे मड दगडात निघून जाणं. बिट उघड्या फटीत शिरला की परत येणारा प्रवाह एकदम पडतो आणि मग लॉस हळूहळू कमी होत थांबतो, फट मडने भरत जाते तसा. छिद्रांच्या दगडात लॉस हळू सुरू होतो आणि सावकाश चालू राहतो. आणि पंप बंद केल्यावर गेलेलं मड परत येत असेल तर ती आपण फुगवलेली फट आहे. हे आलेख टाकीच्या लेव्हलवर नीट दिसत नाहीत, कारण टाकीत एक-दोन बॅरल वर-खाली होतंच असतं, परतीच्या लाइनवर चांगला फ्लोमीटर असेल तर दिसतात. एका बेसमेंट विहिरीत माझ्या समोर हेच झालं: इमेजवर ईशान्येच्या फटी ढिगाने, सुंदर लाटा, सगळे त्यांच्याच मागे. मग मी मड लॉगरकडून (रिगवर मडच्या नोंदी ठेवणाऱ्याकडून) लॉसच्या वेळा मागवल्या, वेळेवरून बिटची खोली काढली आणि इमेजसमोर ठेवली, तर अचानक पडणारा प्रत्येक लॉस उत्तर-वायव्येच्या मोजक्या फटींवर बसत होता. ईशान्यवाल्यांवर एकही नाही. कोअरमध्ये बघितलं तर ईशान्यवाल्या कॅल्साइटने पक्क्या बुजलेल्या, त्यांच्यातल्या काळ्या दिसणाऱ्या मातीने भरलेल्या. पुढची विहीर मग त्या मोजक्या फटींना छेदेल अशी वळवली, आणि ती वाहिली. तो मड लॉगर तुझ्याच वयाचा होता, त्याने दर मिनिटाची नोंद नीट ठेवली होती म्हणून हे जमलं.

याच्या जोडीला स्टोनली वेव्ह बघतात, ती विहिरीच्या भिंतीने चालणारी लाट, उघडी फट आली की तिची ताकद घटते आणि थोडी परत फिरते. तापमानाचा लॉग, प्रॉडक्शन लॉग, हे पुढचं.

विहिरीच्या भिंतीपलीकडचं काय, हा प्रश्न तुला पडायला हवा, कारण आतापर्यंत सगळं साडेआठ इंचांच्या भोकातलं आहे. थोडं बाहेर बघायला क्रॉस-डायपोल सॉनिक, म्हणजे विहिरीतून दगडात ध्वनिलाटा सोडणारं टूल. शिअर वेव्ह फटींच्या दगडात शिरली की दोन भागांत फुटते, फटींना समांतर हलणारी पुढे जाते आणि आडवी हलणारी मागे पडते, पुढे गेलेलीची दिशा म्हणजे फटींची दिशा. पण हाच परिणाम नुसत्या ताणामुळेही येतो, तिथे फ्रीक्वेन्सीप्रमाणे वेगाचे आलेख बघायचे, दोन आलेख एकमेकांना छेदत असतील तर ताणाचा परिणाम, समांतर राहत असतील तर फटी किंवा दगडाचा मूळ गुणधर्म. याहून बाहेर साइस्मिक, म्हणजे जमिनीत लाटा सोडून परत येणाऱ्या लाटा मोजणं. चुनखडीत ४,००० मीटर प्रतिसेकंद वेग आणि ३० हर्ट्झ धरले तर लाटेची लांबी १३० मीटरच्या वर जाते, म्हणजे एकेकटी फट दिसणार नाही, पण फटींचा जथा पी-वेव्हला दिशेप्रमाणे वेगळा वागायला लावतो, फटींच्या बाजूने वेग जास्त, आडवा कमी. त्यासाठी सगळ्या दिशांनी शूट केलेला सर्व्हे हवा, एका दिशेने ओढलेल्या जुन्या स्ट्रीमर (जहाजामागे ओढलेली केबल) डेटातून हे काढतो म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नको. आणि परावर्तनाच्या ताकदीवरून काढलेल्या दिशेत ९० अंशांची संदिग्धता असते, उत्तर येतं ते बरोबर असेल किंवा बरोब्बर काटकोनात चूक असेल, विहिरीतल्या पुराव्याशिवाय सोडवता येत नाही. साइस्मिकचा खरा उपयोग मला वाटतो तो फॉल्ट (दगड सरकलेल्या मोठ्या भेगा) शोधण्यात, मोठ्या फॉल्टच्या कडेला दगड जास्त चिरलेला असतो आणि तिथे विहीर नेणं हा अजूनही चांगला जुगार आहे.

आणि एक पद्धत जी आजकालची पोरं विसरलीत: विहिरी एकमेकींशी बोलतात का ते बघणं. एक बंद किंवा चालू केली की शेजारणीच्या दाबात किती लवकर फरक पडतो. एल्किन्स आणि स्कोव्ह यांनी १९६० साली टेक्सासच्या स्प्रेबेरी फील्डमध्ये असल्या दाबांवरून फटींची दिशा काढून दाखवली, ना इमेज लॉग होता ना कॉम्प्युटरवरची रंगीत चित्रं. फटींच्या रेषेतल्या विहिरीला बातमी लवकर पोचते, आडवीला उशिरा. हे मोजमाप शेकडो मीटरच्या पल्ल्याचं आणि थेट प्रवाहाचं असतं, म्हणून इमेज आणि हे यांच्यात भांडण झालं तर मी याच्या बाजूने.

आता विहीर कुठे वळवायची. वाहत्या गटाला काटकोनात, हे तुझं म्हणणं बरोबरच, फक्त गट वाहता हवा. आकड्यात बघ: फटी दोन मीटरवर, आडवी विहीर ६०० मीटर, काटकोनात गेली तर ३०० फटी. काटकोनापासून २० अंश चुकली तरी २८२, म्हणजे नुकसान फक्त ६ टक्के. फटींच्या रेषेपासून ३० अंशांवर गेली तर १५०, आणि १० अंशांवर गेली तर ५२. याचा अर्थ काटकोनाच्या आसपास दहा-पंधरा अंशांची अनिश्चितता आपल्याला परवडते, त्यावरून दोन टीमनी महिनाभर मीटिंगा घेण्यात काही अर्थ नाही, पण कुठला गट वाहता हे चुकलं तर सगळंच चुकलं. टेक्सासच्या ऑस्टिन चॉकमध्ये फटी ईशान्य-नैऋत्य, म्हणून आडव्या विहिरी वायव्य-आग्नेय मारल्या आणि ज्या दगडात उभ्या विहिरी लॉटरीसारख्या लागत होत्या तिथे आडव्या नियमितपणे वाहू लागल्या.

दिशेला ताणाचीही मान्यता लागते. जिथे उभा भार सगळ्यात मोठा तिथे कमीत कमी आडव्या ताणाच्या दिशेने मारलेली आडवी विहीर जास्त स्थिर राहते, आणि उघड्या फटीही तिला काटकोनात येतात, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच दिशेला जुळतात. जिथे आडवा ताण उभ्या भारापेक्षा मोठा तिथे हे जुळत नाही, स्थिरता एकीकडे ओढते आणि फटी दुसरीकडे, मग मडचं वजन वाढवून भिंत सावरायची तर लॉस वाढतो, अशा वेळी मधली दिशा घ्यावी लागते. लॉस थांबवायला टाकायचं सामान ॲसिडमध्ये विरघळणारं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट वगैरे घ्यायचं, नाहीतर ज्या फटीसाठी इतका खटाटोप केला तीच कायमची बुजवून बसाल. खाली पाणी असेल तर उभी लांब फट पाणीही तितक्याच प्रेमाने वर आणते, म्हणून विहीर पाण्याच्या पातळीपासून शक्य तितकी वर ठेवायची. आणि पुढे पाणी इंजेक्शन करणार असाल तर इंजेक्टर आणि उत्पादक विहीर फटींच्या एकाच रेषेत कधीही ठेवू नका, पाणी तेलाला ढकलायच्या ऐवजी फटीतून सरळ धावत जातं.

ड्रिलिंग चालू असताना आता बिटच्या मागच्या टूलमधून थोडी ढोबळ इमेज लाइव्ह येते, बारीक फटी त्यात नाही दिसत, मोठ्या दिसतात, तेवढ्यावर विहीर जरा वर-खाली फिरवता येते. कंपासची दिशा मात्र वाटेत फार बदलता येत नाही, ती आधीच ठरलेली हवी.

तुझ्या प्रोजेक्टसाठी: खारघर-पारसिकच्या उघड्या दगडावर जॉइंट मोज, हात बसेल. पण तिथल्या कितीतरी फटी लाव्हा थंड होताना पडलेल्या आहेत, त्यांची दिशा उचलून ऑफशोअरच्या चुनखडीला लावू नकोस, गाइड ओरडेल आणि बरोबरच ओरडेल. पनवेल फ्लेक्शर (लाव्हाचे थर वाकलेला पट्टा), कोकणातले उत्तर-दक्षिण डाइक (भेगेत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती), वज्रेश्वरी-गणेशपुरीचे गरम पाण्याचे झरे, हे खोलवरच्या रचनेचे जास्त चांगले धागे आहेत. कोयनेला २०१७ साली पूर्ण झालेल्या तीन किलोमीटरच्या पायलट बोअरबद्दलही वाच, कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स लॅबचं काम आहे, सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइट, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रातली बेसमेंटची खिडकी. मोजताना सरळ टेप ताणून एका रेषेवर मोज, आवडतील त्या फटी उचलू नकोस. एक टेप उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम, दोन्हीचे रोझ आधी तसेच काढ, मग टर्झाघीची दुरुस्ती लावून काढ, दोन्ही एकमेकांच्या जवळ आले तर तुझं मोजमाप बरोबर. कंपास बेसाल्टवर टेकवू नकोस, एक पट्टी फटीत धरून त्यापासून लांब उभा राहून वाच. फटीत काय भरलंय, झिओलाइट की कॅल्साइट की काहीच नाही, आणि पावसाळ्यानंतर कुठल्या फटीतून पाणी झिरपतंय, हे दोन कॉलम वहीत पहिल्या दिवसापासून ठेव.